स्वरयंत्राची घडण आणि कारभार

मनुष्यशरीरात केवळ बोलण्यासाठी म्हणून निर्माण झालेला असा एकही अवयव नाही, हे विधान प्रथमदर्शनी अतिशयोक्त वाटेल. परंतु आवाजाच्या उत्पत्तीत भाग घेणाऱ्या इंद्रियांची एकेक करून झडती घेतली, तर त्यांतील प्रत्येकाच्या नावे निसर्गाच्या दप्तरात दुसरेच काम नोंदलेले आढळते. फुप्फुसे रक्ताला प्राणवायू पुरविण्यासाठी आहेत. जीभ घास फिरविण्यासाठी, दात तो चावण्यासाठी, ओठ मुखाचे द्वार मिटण्यासाठी आणि नाक श्वास गाळून व उबदार करून आत घेण्यासाठी आहे. आणि ज्याला आपण मोठ्या गौरवाने स्वरयंत्र म्हणतो, त्याचे मूळ काम अन्नाचा कण अथवा पाण्याचा थेंब श्वासनलिकेत उतरू नये म्हणून तिच्या तोंडाशी पहारा करणे हे आहे. जगण्याच्या निकडीने तैनात झालेल्या या अवयवांकडून मनुष्यजातीने बोलण्याचे आणि गाण्याचे जादा काम करवून घेतले, आणि ते इतक्या कौशल्याने करवून घेतले की आज मूळ कामाचा विसर पडून जादा कामच मुख्य वाटू लागले आहे. आवाजावर कोणा एका अवयवाची मिरासदारी नाही. तो अनेकांच्या सहकार्याचे फळ आहे, आणि या सहकाऱ्यांपैकी एकास धक्का लागला की त्याची वार्ता सर्वप्रथम आवाजातच उमटते. गिरगावच्या गायनशाळांपासून लालबागच्या गिरण्यांपर्यंत आणि परळच्या रुग्णालयांपर्यंत मुंबईचा जो भाग पसरला आहे, त्यात या सिद्धांताचे इतके दाखले सापडतात की त्यांचा शोध घेण्यासाठी फार दूर जाण्याचे प्रयोजन नाही.

गायनवर्गात विद्यार्थ्यांच्या पुढ्यात असणारी हार्मोनियमची पेटी आठवली, तर आवाजाच्या यंत्रणेचे तीन विभाग चटकन ध्यानी येतात. पेटीत भात्यातून हवा येते, पितळी पट्टी त्या हवेच्या प्रवाहात कंप पावते, आणि लाकडी खोके त्या कंपाला घुमारा देते. त्याचप्रमाणे फुप्फुसे हवा पुरवितात, स्वरयंत्र तीत कंप उत्पन्न करते, आणि घसा, तोंड व नाक यांच्या पोकळ्या त्या कंपाला रूप देतात. मात्र हे साम्य येथेच संपते. पेटीत प्रत्येक स्वरासाठी स्वतंत्र पट्टी बसवावी लागते, तर मनुष्याच्या कंठात सर्व स्वरांसाठी एकच जोडी असते, आणि तिची लांबी, ताण व जाडी क्षणोक्षणी पालटून तीच जोडी खर्जापासून तारसप्तकापर्यंतचा मुलूख पादाक्रांत करते.

प्रथम श्वासाचा विचार करू. स्वस्थ बसलेला मनुष्य एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा घेतो आणि श्वास घेण्यास व सोडण्यास जवळजवळ सारखाच वेळ लावतो. परंतु बोलू लागताच हा सारा बंदोबस्त बदलतो, श्वास घेणे क्षणार्धात उरकले जाते आणि सोडणे कित्येक सेकंदांपर्यंत लांबविले जाते. छाती व पोट यांच्यामध्ये असलेला श्वासपटल नावाचा घुमटाकार स्नायू आकुंचन पावून खाली सरकला, आणि बरगड्या वर उचलल्या गेल्या, की फुप्फुसे प्रसरण पावतात. पुढे हे सारे सैल सोडले असता फुप्फुसे आपल्या लवचीकपणाने आपोआप मिटू लागतात, आणि हवा एकदम निसटून जाईल अशी भीती असते. ती तशी निसटू न देता हप्त्याहप्त्याने खर्च करणे, म्हणजे भरलेल्या छातीला श्वास घेणाऱ्याच स्नायूंनी काही काळ तोलून धरणे आणि हवा सरत आली की पोटाच्या स्नायूंनी तिला आतून रेटा देणे, हेच गवयाच्या दमसासाचे रहस्य होय. ज्याला व्यवहारात ‘दम’ म्हणतात तो छातीच्या आकारापेक्षा या काटकसरीवर अधिक अवलंबून असतो.

श्वासनलिकेच्या माथ्यावर स्वरयंत्र बसविलेले आहे. त्याचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चांचा आहे. तळाशी अंगठीसारखी गोल क्रिकॉइड कूर्चा, तिच्यावर पुढून ढालीसारखी झाकणारी थायरॉइड कूर्चा, आणि मागच्या बाजूला अंगठीच्या कडेवर बसलेल्या दोन लहानशा त्रिकोणी ॲरिटेनॉइड कूर्चा, अशी त्याची मुख्य रचना आहे. पुरुषांच्या गळ्यात जी घाटी वर आलेली दिसते ती या ढालीची पुढील धार होय. ढालीच्या आतील बाजूपासून मागच्या दोन त्रिकोणी कूर्चांपर्यंत आडवे पसरलेले जे स्वरतंतू, ते श्लेष्मल त्वचेने आच्छादिलेल्या स्नायूंच्या दोन घड्या आहेत. त्रिकोणी कूर्चा एकमेकींजवळ सरकल्या की तंतू मिटतात, दूर झाल्या की उघडतात. आणि नवलाची गोष्ट अशी की त्यांना मिटविण्यासाठी अनेक स्नायू असले तरी उघडण्याचा जिम्मा एकाच स्नायूच्या जोडीवर आहे. या साऱ्यावर पानाच्या आकाराचे एक लवचीक झाकण असते. घास गिळताना संपूर्ण स्वरयंत्र वर उचलले जाऊन जिभेच्या मुळाखाली सरकते, झाकण मागे लवते, स्वरतंतू मिटतात, आणि अन्न मागच्या अन्ननलिकेत सुखरूप उतरते. घाटीवर बोट ठेवून आवंढा गिळला असता ही हालचाल कोणासही अनुभवता येते. या मिटण्याचा आणखी एक उपयोग आहे. जड ओझे उचलणारा हमाल श्वास कोंडून धरतो तो याच तंतूंच्या आधारावर. हवा आत अडकल्याने छाती ताठ राहते आणि दंडांना व पाठीला टेका मिळतो.

स्वरयंत्राच्या स्नायूंना हुकूम पोहोचविणाऱ्या मज्जातंतूचा मार्ग मोठा विलक्षण आहे. डाव्या बाजूचा मज्जातंतू मेंदूकडून खाली येताना कंठापाशी न थांबता छातीत उतरतो, हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीला वळसा घालतो आणि मग पुन्हा वर चढून स्वरयंत्रात शिरतो. उजव्या बाजूचा त्याचा जोडीदार हाताकडे जाणाऱ्या रोहिणीला वळसा घालून परततो. या लांबच्या फेऱ्यामुळे छातीतील गाठ, महारोहिणीचा फुगवटा अथवा गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा विकार यांपैकी कोणतेही कारण घोगरेपणाच्या रूपाने प्रकट होऊ शकते. आणि आवाज बसला म्हणून आलेल्या रुग्णाच्या छातीचे क्ष-किरण चित्र वैद्य मागवितात, ते याच हिशेबाने.

जिवंत मनुष्याच्या कंठात हे तंतू चालताना प्रथम स्वच्छपणे पाहणारा पुरुष वैद्य नव्हता, गायनशिक्षक होता. मॅन्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनाचार्याने १८५४ मध्ये दंतवैद्याचा लांब दांडीचा छोटा आरसा स्वतःच्या घशात धरून, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडून, आपलेच स्वरतंतू उघडताना व मिटताना पाहिले, आणि पुढील वर्षी आपली निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. तरीही तंतू कंप कसे पावतात हा प्रश्न पुढे शंभर वर्षे वादाचा राहिला. १९५० मध्ये राऊल ह्युसाँ या फ्रेंच संशोधकाने असा पक्ष मांडला की प्रत्येक कंपासाठी मेंदूकडून स्वतंत्र संदेश येतो. परंतु १९५८ मध्ये हॉलंडच्या यान फान डेन बेर्ख यांनी केलेल्या विवेचनानंतर तो पक्ष मागे पडला आणि आज मान्य असलेली उपपत्ती स्थिर झाली. तिचे सार असे: मेंदू केवळ तंतूंना मिटण्याचा व ताणण्याचा हुकूम देतो, खालून येणाऱ्या हवेचा दाब वाढला की मिटलेले तंतू बाजूला सारले जातात, हवेचा एक झोत निसटतो, आणि झोताच्या वेगामुळे दाब उतरल्याने व तंतूंच्या स्वतःच्या लवचीकपणाने ते पुन्हा मिटतात, मिटले की दाब पुन्हा साठतो. हे आवर्तन सामान्य पुरुषाच्या बोलण्यात सेकंदाला शंभर ते सव्वाशे वेळा आणि स्त्रीच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास घडते. एखाद्या स्त्रीने तासभर अखंड स्वर लावला, तर तिचे स्वरतंतू एकमेकांवर सात लाखांहून अधिक वेळा आपटतात, एवढे सांगितले म्हणजे या इवल्याशा अवयवाच्या कष्टांची कल्पना येईल.

प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू अदमासे दोन सेंटिमीटर लांब असतात आणि स्त्रीचे त्याहून आखूड व पातळ असतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाचा षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपांचा आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा षड्ज सुमारे २०८ कंपांचा पडतो, तो या फरकामुळेच. लहानपणी मुलगा व मुलगी यांच्या स्वरयंत्रांत फारसा भेद नसतो. वयात येताना मुलाचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, तंतू लांब व जाड होतात आणि त्याचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. या वाढीच्या काळात स्नायूंचा जुना सराव नव्या मापाला लागू पडत नाही, म्हणून आवाज फुटतो; अशा मुलाकडून उंच पट्टीत हट्टाने गाऊन घेणे हा त्याच्या कंठावर अन्यायच होय.

स्वरतंतूंपाशी जो नाद निर्माण होतो तो ऐकावयास मिळाला, तर त्यात ओळखीचे काहीच सापडणार नाही. तो केवळ एक भुणभुणता कंप असतो. त्याला मनुष्याचा आवाज बनविण्याचे काम त्याच्या वरच्या पोकळ्या करतात. जीभ खाली दबली व जबडा उघडला की ‘आ’ होतो, जिभेचा पुढचा भाग टाळूकडे चढला की ‘ई’, आणि ओठ गोल होऊन जिभेची मागची बाजू उचलली गेली की ‘ऊ’. तंतूंचा कंप तोच असून पोकळीचा आकार बदलला की त्या कंपातील निराळे अंश बळावतात आणि निराळा स्वर ऐकू येतो. व्यंजने या प्रवाहाला ठिकठिकाणी अडवून निर्माण होतात, आणि आपल्या पूर्वजांनी याचे जे निरीक्षण केले ते थक्क करणारे आहे. पाणिनीय शिक्षेत वर्णांची उर, कंठ, शिर, जिह्वामूल, दंत, नासिका, ओष्ठ व तालू अशी आठ स्थाने सांगितली आहेत. आणि शाळेत पाठ केलेली वर्णमाला म्हणजे घशाकडून ओठांकडे जाणारा एक पद्धतशीर प्रवास आहे. ‘क’ जिभेच्या मुळाशी, ‘च’ टाळूशी, ‘ट’ टाळूच्या वरच्या भागाशी, ‘त’ दातांशी आणि ‘प’ ओठांशी असा क्रम लावून, प्रत्येक वर्गात प्रथम अघोष, मग घोष आणि शेवटी अनुनासिक अशी वाटणी करणाऱ्यांनी आरसा वा उपकरण हाती नसता मुखाचा नकाशा काढला होता. घोष व अघोष यांतील भेद वाचकाने स्वतः पडताळून पाहावा: घाटीवर दोन बोटे ठेवून लांब ‘स्’ उच्चारला तर बोटांना काही जाणवत नाही, आणि ‘म्’ उच्चारताच थरथर लागते, पहिल्यात स्वरतंतू उघडे असतात, दुसऱ्यात ते कंप पावत असतात. ‘म्’ चालू असता नाक चिमटीत धरले की आवाज तत्काळ बंद पडतो, कारण ओठ मिटलेले असून मऊ टाळू खाली उतरल्याने हवेला नाकाचीच वाट उरलेली असते. चाकातला ‘च’ दातांशी व चिमणीतला ‘च’ टाळूशी उच्चारणारी मराठी जीभ हा भेद लहानपणीच शिकते, मग अक्षर एकच असले तरी चुकत नाही.

पोकळ्यांच्या या सामर्थ्याची कसोटी ध्वनिक्षेपक येण्यापूर्वीच्या रंगभूमीवर लागत असे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला ग्रँड थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘संयुक्त मानापमान’ केले, तेव्हा त्या खच्चून भरलेल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचविण्यास कंठाखेरीज दुसरे साधन नव्हते. पल्लेदार आवाज म्हणजे ओरडणे, असा एक समज आहे; तो खरा नाही. मनुष्याचा कान सेकंदाला दोन हजार ते पाच हजार कंपांच्या पट्ट्यात सर्वाधिक तीक्ष्ण असतो, आणि कंठाचा आकार असा राखता येतो की आवाजातील नेमके तेच अंश बळावतात. स्वीडनच्या योहान सुंदबर्ग यांनी युरोपातील संगीतिका गाणाऱ्या पुरुषांच्या आवाजाचे पृथक्करण केले, तेव्हा तीन हजार कंपांच्या आसपास ऊर्जेचा एक ठळक पुंजका आढळला, आणि भरगच्च वाद्यवृंदातूनही त्यांचा स्वर वेगळा उठून का दिसतो याचा उलगडा झाला. तंतूंवर जोर न देता पोकळ्यांकडून काम घेणे हीच आवाज दूर पोहोचविण्याची विद्या होय.

या विद्येचा गिरगावात मोठ्या निष्ठेने पाठपुरावा झाला. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य बी. आर. देवधर यांनी १९२५ मध्ये ऑपेरा हाऊसच्या परिसरात आपली गायनशाळा काढली, आणि रागदारी शिकवीत असतानाच आवाजसाधनेचा शास्त्रीय अंगाने अभ्यास केला. गायकाने आपल्या कंठाची रचना जाणली पाहिजे हा त्यांचा आग्रह गार्सियाच्याच परंपरेतला होता. याच शाळेत बेळगावकडचा शिवपुत्र कोमकाळीमठ नावाचा मुलगा शिकला, तो पुढे कुमार गंधर्व म्हणून विख्यात झाला. ऐन उमेदीत त्यांना क्षयाने गाठले; १९४८ मध्ये कोरड्या हवेसाठी ते देवासला गेले, कित्येक वर्षे गाणे बंद राहिले, आणि एक फुप्फुस निकामी झाले. १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले तेव्हा स्वरतंतू शाबूत होते, परंतु हवेचा पुरवठा घटला होता. लांब दमाच्या अखंड तानांऐवजी लहान, टोकदार, श्वासाच्या मापात बसणाऱ्या स्वरवाक्यांची जी मांडणी त्यांच्या गाण्यात दिसते, तिच्यामागे त्यांची प्रतिभा आहेच. परंतु ही प्रतिभा एका फुप्फुसाच्या जमाखर्चात राहून फुलली, हे शरीरशास्त्राच्या अभ्यासकाने विसरू नये. आयुष्याची अखेरची वर्षे मुंबईत काढलेल्या अल्लादिया खांसाहेबांची हकीकत याहून निराळी आहे. तरुणपणी संस्थानी दरबारात अतिश्रमाने गावे लागल्यामुळे त्यांचा आवाज बसला, पुष्कळ काळाने परतला तो पहिल्यासारखा राहिला नाही, आणि त्या बदललेल्या आवाजाला साजेशी गायकी त्यांनी नव्याने घडविली. एकाचा श्वास उणा झाला, दुसऱ्याचे तंतू दुखावले. दोघांनीही उरलेल्या अवयवांच्या भांडवलावर कला उभी केली.

गिरगाव सोडून परळ-लालबागकडे वळले की आवाजाच्या इतिहासाचे दुसरे पान उघडते. गिरणीच्या मागखात्यात शेकडो माग एकाच वेळी धडधडत असता शेजारच्या माणसाला हाक मारावयाची तर घसा ताणूनच मारावी लागे. भोवतालचा गोंगाट वाढला की मनुष्य नकळत आवाज चढवितो, हा परिणाम एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ मध्ये नोंदविला, आणि गिरणगावाने तो पिढ्यानपिढ्या भोगला. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले, आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत कामगार वस्त्यांच्या मैदानांवर शाहिरांनी उघड्या आभाळाखाली हजारोंच्या समुदायापुढे आपले कंठ पणाला लावले. उघड्यावर आवाजाला भिंतीचा परतावा मिळत नाही, गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कमी ऐकू येतो, आणि तो अधिकच जोर करतो. असा जोर नित्य होत राहिला की स्वरतंतूंच्या पुढच्या एक-तृतीयांशाशी, जेथे त्यांची आपटण सर्वांत तीव्र असते, तेथे दोन्ही बाजूंना बारीक गाठी धरतात. तंतू पुरते मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते आणि आवाज घोगरा व फुसका होतो. शिक्षक, फेरीवाले आणि गायक यांना हाच विकार जडतो. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी लालबागच्या गल्ल्यांतून जे बसलेले घसे भेटतात, त्यांच्या तंतूंना मात्र तात्पुरती सूज असते आणि काही दिवसांच्या मौनाने ती ओसरते. कुजबुजून बोलणे हे मौन नव्हे; जोराच्या कुजबुजीत स्वरयंत्र आवळलेच जाते. पुरेसे पाणी, विश्रांती, आणि गाठी धरल्याच असतील तर वाचा-उपचारतज्ज्ञाकडून बोलण्याची सवय सुधारून घेणे, हा त्यावरचा पहिला इलाज आहे. शस्त्रक्रियेची पाळी नंतर येते.

याहून गंभीर प्रकरणे परळला पोहोचतात. सर दोराबजी टाटा ट्रस्टने स्थापिलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी तेथे सुरू झाले, आणि विडी, सिगारेट व मद्य यांनी पोखरलेली स्वरयंत्रे घेऊन देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे तेथे येत राहिली. कर्करोग फार पसरला असेल तर स्वरयंत्र समूळ काढावे लागते; ही शस्त्रक्रिया व्हिएन्नाच्या टेओडोर बिलरोट यांनी १८७३ मध्ये प्रथम केली. तीनंतर श्वासनलिका गळ्याच्या पुढील भागात कायमची उघडली जाते, नाकातोंडाचा श्वासाशी संबंध तुटतो, आणि मनुष्य मुका होईल असे वाटते. तसे होत नाही. श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामध्ये एकाच दिशेने उघडणारी छोटी झडप बसविली, तर गळ्यावरील छिद्र बोटाने झाकताच फुप्फुसांतील हवा अन्ननलिकेत शिरते, तिच्या तोंडाशी असलेल्या स्नायूंची घडी थरथरू लागते, आणि तो भरड कंप जीभ, टाळू, दात व ओठ पूर्वीच्याच तालमीने शब्दांत घडवितात. स्वर खर्जातला व खरखरीत असतो. परंतु बोलणाऱ्याची बोली, त्याचे हेल, चाकातला व चिमणीतला ‘च’, सारे कायम राहते. बोलणे एकट्या स्वरतंतूंचे नाही, याहून सबळ पुरावा कोणता हवा?

ज्यांचा आवाज हीच रोजी आहे त्यांनी, आणि तंबाखूचे सेवन करणाऱ्या प्रत्येकाने, एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. स्वरतंतूंवरचा कर्करोग अगदी लहान असतानाच आवाज बदलतो, म्हणजे शरीर स्वतःच वेळेवर तक्रार नोंदविते, आणि त्या अवस्थेत उपचार झाले तर बहुसंख्य रुग्ण बरे होतात व त्यांचे स्वरयंत्रही वाचते. परंतु घसा बसला आहे, थंडी बाधली आहे, असे म्हणत महिने घालविले तर हा लाभ हातचा जातो. म्हणून तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरेपणा टिकला, तर गुळण्या व खडीसाखर यांवर न विसंबता कान-नाक-घशाच्या वैद्याकडे जावे आणि स्वरयंत्राची तपासणी करून घ्यावी. दुर्बिणीने होणारी ही तपासणी थोड्या मिनिटांची असते.